अनुसयाबाईचं अंग

दुपार कलली आणि पश्चिमेकडचं आभाळ मातकट पिवळं झालं. गुजरातकडून वारा आला तो पत्रे वाजवीतच. अनुसयाबाई मागच्या अंगणात तारेवरचे कपडे ओढत होती. शांतीलालचे लेंगे, चादर, त्याच्या अंगाखाली घालायच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या. सकाळी धुतलेलं सगळं पुन्हा धुवावं लागलं होतं. कपडे पोटाशी धरून ती वळली, तर त्याची खाट रिकामी आणि मागचं फाटक सताड उघडं.

फाटकापलीकडे केळीचा मळा होता. ती तशीच धावली.

मळ्यात केळी मोडत होत्या. घड लागलेली झाडं कमरेतून वाकत आणि धप्पकन आडवी होत. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. मधोमध शांतीलाल उभा होता. त्याने एका झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि वाऱ्याच्या विरुद्ध सारा जोर लावला होता. पाच वर्षांपासून त्याला स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नव्हतं. पण केळ पडू द्यायची नसते, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं.

"बांबू लई ये!" तो ओरडला. "उभी काय ऱ्हायनी बाई? बांबू लई ये!"

बायकोला तो मजूरबाई समजत होता. ती जवळ पोचायच्या आत झाड त्याच्यासकट सरीत पडलं.

अनुसयाबाईने घड बाजूला ढकलला. मागून त्याच्या काखांत हात घातले. माणसाचं डोकं रिकामं झालं म्हणून काही अंग हलकं होत नाही. शांतीलाल पहिल्यापासून हाडापेराने मोठा. ओल्या मातीत तिचे पाय रुतले. "उठा," ती म्हणाली. "उठा ना." त्याने सगळा भार तिच्यावर सोडला. तिने दात आवळून ओढलं, आणि ओढता ओढता तिच्या ओटीपोटातून काहीतरी सरकलं ते थेट मांडीला लागलं.

हे नवं नव्हतं. चार वर्षं तिचं अंग, म्हणजे पिशवी, खाली येत होतं. दिवसभर उचल-ठेव झाली की उतरायचं, पाठीवर पडून बोटाने सारलं की आत जायचं. बाळंतपणातली जुनी गोष्ट असेल, म्हणून ती आतून घट्ट कापड बांधायची. आज मात्र ते आत गेलं नाही.

तरी तिने त्याला उभं केलं. घरी आणलं. आधी त्याचा चिखल धुतला, त्याला कोरडं नेसवलं, तोंडात बिस्कीट दिलं. मग मोरीचा पडदा ओढून स्वतःकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ भिंतीला हात लावून उभी राहिली.

वारा पडल्यावर मुलगा आला. अमृतच्या केसांत धूळ होती.

"माय, सारी केळी आडवी पडनी," तो म्हणाला. "खालना मळामा एक झाड उभं नही." मग खाटेकडे पाहून, "आबा बरा शेतस ना?"

"बरा शेतस."

"मंग जरासा चहा मांड."

तिच्या लुगड्यावर मागच्या बाजूला रक्त लागलं होतं. चहा देऊन ती वळली तेव्हा ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तो फोनवर केळीच्या व्यापाऱ्याला शोधत होता.

तापीकाठच्या त्या गावात शांतीलाल पाटलाची शेती नावाजलेली. पुढे अमृतने बांधलेलं स्लॅबचं घर, त्यात झोपाळा, सोफा, थंड हवेचं यंत्र. मागे ट्रॅक्टरच्या शेडला लागून दोन खोल्या. आबा ओरडतात, घाण करतात, पाहुणे येतात तेव्हा लाज वाटते, म्हणून दोघांना मागे हलवलं. "तठे तुम्हले मोकळं," असं अमृत म्हणाला होता. मोकळं म्हणजे अनुसयाबाईला हाक मारायलाही कोणी नव्हतं.

साठी उलटलेली ती बाई दिवसातून किती वेळा नवऱ्याला उचलायची याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून खाटेवर. तिचा डावा खांदा वर जात नव्हता, वेणी घालायची तिने सोडली होती. आंघोळीच्या वेळी तो हात पिरगळायचा, त्यामुळे उजवं मनगट कायम सुजलेलं. जेवण उभ्याने, त्याच्या ताटातलं उरलेलं. लघवीला लागली तरी तो एकटा नको म्हणून ती दाबून धरायची. पुढे पुढे धरलेली राहीना, खोकला आला की लुगडं भिजायचं. आपण धुतलेल्या लेंग्यांत आपलंही कापड आहे, हे कुणाला दिसू नये म्हणून ती ते मधोमध वाळत घालायची.

नंदुरबारला मेंदूच्या डॉक्टरांकडे दर दोन-तीन महिन्यांनी त्याला न्यायचे. डॉक्टर विचारायचे, झोप लागते का, खातात का, मारतात का. उत्तरं तीच द्यायची. त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधताना तो हात झटकायचा, म्हणून तो हात तीच धरून ठेवायची. त्या पाच वर्षांत तो पट्टा एकदाही कुणी तिच्या दंडाला बांधला नाही. उलट डॉक्टर हसून म्हणायचे, "आजी आहेत म्हणून आजोबांचं छान चाललंय."

तिने सांगितलंच नव्हतं असंही नाही. पहिल्यांदा सुनेला सांगितलं, तेव्हा केळीची तोड चालली होती. हेमांगी म्हणाली होती, "गोळी घ्या आई, उतरेल." मग दिवाळीत अमृतला सांगितलं, "ओटीपोट खाले ओढस." पाहुणे जाऊ दे, तो म्हणाला. मग नात्यातलं लग्न निघालं. त्यानंतर तिने सांगायचं सोडलं.

वादळानंतरच्या आठवड्यात गावात औषधं वाटणारी आशा-कार्यकर्ती रंजिता मागच्या दाराने आली. अनुसयाबाई पाय फाकवून भिंतीला धरून चालत होती.

"काकी, अशा काय चाली ऱ्हायनात?"

"काही नही. कंबर धरनी."

रंजिताने दार लोटलं. "माले दाखवा."

अनुसयाबाईने मान हलवली. रंजिता तिथून हलली नाही. शेवटी तिने लुगडं वर केलं, आणि रंजिताने तोंडावर हात धरला. बाहेर आलेल्या अंगाला घासून घासून जखम झाली होती.

दुसऱ्या दिवशी, शांतीलालला दोन तास हेमांगीवर सोपवून, रंजिताने तिला जीपने नंदुरबारला नेलं. तिथल्या बाई-डॉक्टरांनी तपासलं, पट्टा दंडाला बांधला, आकडा पाहून पुन्हा बांधला.

"डोकं दुखत नाही का तुमचं, आजी?"

"दुखस. रोजच."

"गर्भपिशवी पूर्ण खाली आलीय. जखम चिघळलीय. ऑपरेशन करावंच लागेल, आणि त्याआधी हे ब्लडप्रेशर खाली आणावं लागेल. घरी काय उचलता एवढं?"

"नवराले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशननंतर तीन महिने पाण्याची बादलीही उचलायची नाही. माणूस तर नाहीच. नाहीतर सगळं पुन्हा बाहेर येईल."

घरी पुढच्या ओसरीवर बोलणं झालं. शांतीलाल झोपाळ्यावर बसून पायाने जमीन ढकलत होता.

"ऑपरेशन करनंच शे, माय. मी नही कोठे म्हनस?" अमृत म्हणाला. "पन आत्ते? पडेल केळी काढानी शे, पंचनामाले तलाठी येवाना शे, मजूर भेटी नही ऱ्हायनात. इतला दिवस काढात, आखो एक महिना काढ."

"चिघळेल शे ते."

अमृतने तोंड फिरवलं. आईच्या तोंडून असलं ऐकायची त्याला लाज वाटली. त्याच आईने त्याच्या बापाचं काय काय पुसलं, त्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती.

हेमांगी दाराला टेकून उभी होती. "माझ्याच्याने आबांचं होत नाही, आई. ते मला ओळखत नाहीत. अंगावर येतात."

"माले वळखतस का?" अनुसयाबाई म्हणाली.

शांतीलालने झोपाळा थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि अमृतला विचारलं, "ही बाई कोन शे? हिले चहा दिधा का?"

वटपौर्णिमा आली. गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष कोकिळा सकाळीच हिरवं लुगडं घेऊन आली. संध्याकाळी समाजमंदिरात अनुसयाबाईचा सत्कार ठरला होता. अमृतला ठाऊक होतं, तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

"माले उभं राहावत नही, कोकिळा."

"पाच मिनिटं काकी. तुमनासारखी पतिव्रता कोठे शे आत्ते?"

मंचावर तिचा फोटो लावला होता. खाली मोठ्या अक्षरांत 'आदर्श पत्नी'. खुर्ची दिली होती, पण तिला बसवेना. जखमेवर भार यायचा. ती उभी राहिली, आणि सगळ्यांना वाटलं विनयाने उभी आहे. आतलं कापड ओलं होऊन मांडीला चिकटलं होतं. कोकिळाने माईकवरून शाळेतल्या मराठीत भाषण केलं. आजकालच्या मुली नवऱ्याला साधा ताप आला तरी माहेरी फोन लावतात, आणि आमच्या काकींकडे बघा, पाच वर्षं तोंडातून ब्र नाही! बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत अमृत मोबाईलवर चित्रण करत होता.

नारळ, शाल आणि लुगडं तिच्या हातांत दिलं. मग कोकिळाने माईक तोंडाशी धरला. "काकी, दोन शब्द बोला."

अनुसयाबाईने समोर पाहिलं. ओळखीची सगळी तोंडं. ती म्हणाली, "माले डॉक्टरनी ऑपरेशन सांगेल शे. मन्हं अंग—"

कोकिळाने माईक झपकन आपल्याकडे ओढला. "बघा! स्वतः आजारी असताना, ऑपरेशन सांगितलेलं असतानासुद्धा पतीची सेवा सोडली नाही! याला म्हणतात संसार!"

पुन्हा टाळ्या. मघापेक्षा मोठ्या.

त्या टाळ्यांत अनुसयाबाईच्या कानशिलाची शीर ठणकायला लागली. तिच्या लक्षात आलं की यांना सांगून भागणार नाही. ती ओरडली असती तरी यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

सकाळी तिने शांतीलालला आंघोळ घातली, शेवटची. केस विंचरले. त्याचं अंथरूण गुंडाळलं, लेंगे आणि जुन्या लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरल्या, गोळ्यांची डबी वर ठेवली. हात धरून त्याला पुढच्या घरी आणलं, झोपाळ्यावर बसवलं. ठरल्याप्रमाणे फाटकाशी रंजिता रिक्षा घेऊन थांबली होती.

हेमांगी स्वयंपाकघरातून आली. "हे काय आई?"

"त्यासना नाश्ता व्हयेल शे. दुपारनी गोळी पिवळी. मी दवाखानामा जास."

अमृत बाथरूममधून टॉवेल गुंडाळून धावला. "माय, मी महिना सांगं व्हतं ना! कालदिन सत्कार व्हयना आनि आज तू आबाले टाकीसन चालनी? लोक काय म्हनतीन?"

"टाकं नही. तुन्हा घर आनं. तू पोऱ्या शे त्यासना."

तिने शांतीलालच्या सदऱ्याची गुंडी लावली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. एकदा त्याच्या डोळ्यांत काही हललं असं तिला वाटलं. मग तो धन्याच्या आवाजात म्हणाला, "सुट्टी व्हयनी का बाई? जाय, जाय. सकाय लवकर येजो."

ती रिक्षात बसली ती ओठ चावूनच. घरातल्या एकाच माणसाने तिला जा म्हटलं होतं, आणि त्यालाही ती सकाळी परत कामावर हवी होती.

दवाखान्यात तिला खाट मिळाली. गोळ्या सुरू झाल्या. ब्लडप्रेशर उतरेपर्यंत ऑपरेशन करता येत नव्हतं. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. जाग आली की हात आपोआप शेजारी चाचपडायचा, तो उठून गेला की काय म्हणून. तिसऱ्या दिवशी आकडा जागेवर आला आणि डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी घेऊ."

त्याच दुपारी अमृत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. खुर्चीत बसताना त्याने कमरेला हात लावला.

"ऑपरेशन व्हयनं का?"

"सकाय शे."

"मंग आज घर चाल." तो एकदम म्हणाला. "माय, आबा ऐकी नही ऱ्हायनात. हेमांगीना हातले चावनात. काल रस्तावर गयथात, ट्रकखाले उना असतात. बांधना पडनं."

अनुसयाबाई उठून बसली. "काय करं?"

"बांधं. खाटले. केळीना घड बांधानी दोरी व्हती, तिन्हावरी. काय करू मी? मळा सोडीसन त्यासनाजोडे बसू का?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "तू उनी म्हंजे बांधाना सवालच नही, माय."

ती खाटेवरून उतरली. चपला पायांत सारल्या. अमृतने हायसं वाटून पिशवी उचलली. वॉर्डाच्या दारापर्यंत ती गेली. डोळ्यांसमोर ती जाड दोरी होती आणि त्याची मनगटं. ती कातडी कांद्याच्या सालीसारखी झालेली, नुसती खुर्ची घासली तरी सोलते. हे तिला माहीत होतं, कारण मलम तीच लावायची. आणखी दहा पावलं, रिक्षा, गाव, ती जाऊन दोरी सोडील. मग त्याला उचलील. मग उद्या उचलील, परवा उचलील. आणि पुढच्या वेळी आपल्याला परत बोलवायचं झालं की काय करायचं, ते यांना कळलेलं असेल.

ती दाराच्या चौकटीला धरून थांबली.

"अमृत. ट्रॅक्टरवर माणूस ठेवेल शे ना तू?"

"हा. का?"

"ठिबकवर माणूस शे. केळी तोडाले टोळी येस. बापले धराले एक माणूस नही भेटना तुले?"

"बापनं काम बाहेरना माणूस करी का? लोक काय म्हनतीन, घरमा बायको, सून असतांना—"

"लोकेसले सांग, मायनं अंग बाहेर उनं. बापनी बायको उचली उचलीसन फाटनी."

शेजारच्या खाटेवरची बाई मान वर करून पाहू लागली. अमृतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हळू बोल, माय."

"चार वरीस हळूच सांगं!"

तिचा आवाज साऱ्या वॉर्डात गेला. परिचारिका धावत आली. अनुसयाबाईने मुलाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "घर जाय. पहिले दोरी सोड. हात देख त्यासना, कातडी गयी व्हई तर हळद नको लावू, मलम शे डबीमा. नही सोडशी तर मी आठून पोलिसले फोन लावसू, आनि कोकिळाले सांगसू आत्ते याना सत्कार कर."

ती खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्याची पावलं दूर जाईपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. मग पदर तोंडात कोंबून रडली. शांतीलालची मनगटं डोळ्यांसमोरून जात नव्हती. अमृतने दोरी सोडली की नाही हे न कळताच सकाळी तिला आत नेलं.

ऑपरेशननंतर हेमांगी डबा घेऊन आली. तिच्या हाताला दातांचे व्रण होते, त्यावर पट्टी. ती पायथ्याशी बसली.

"सोडलं त्यांना," ती म्हणाली. "त्याच दिवशी. तळोद्याकडचा जालमसिंग म्हणून एक माणूस ठेवलाय दिवसभर. पण आंघोळ त्याला घालू देत नाहीत. ते ह्यांनाच करावं लागतं." थोडा वेळ ती डब्याचं झाकण फिरवत राहिली. "आई, तुम्हाला हे इतकं होतं, तर सांगायचं ना."

"सांगं व्हतं. केळी व्हती. दिवाळी व्हती. लगीन व्हतं."

हेमांगीने मान खाली घातली. तिला ती गोळी आठवली असावी. तिने उठून सासूला आधार देऊन बसवलं, आणि कुणीतरी धरलं तेव्हा पहिल्यांदाच अनुसयाबाईला कळलं, पाठ किती दुखत होती ते.

गावी परतल्यावर ती मागच्या खोल्यांत गेली नाही. "माले पुढे खाट टाका," तिने सांगितलं, आणि अंगणातल्या निंबाखाली खाट पडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसायची. बायका पाहायच्या आणि पदराआडून बोलायच्या.

एका सकाळी अमृत अंगणाकडच्या मोरीत बापाला आंघोळ घालत होता. जालमसिंग अजून आला नव्हता. शांतीलाल पाटावर बसून राहिला, अंगाला साबण, डोळे घट्ट मिटलेले. "उठा आबा," अमृत काखेत हात घालून ओढत होता. शांतीलालने त्याच्या तोंडावर ओल्या हाताची चापट मारली. अमृतचा पाय घसरला, बादली कलंडली, गुडघा फरशीवर आपटला.

"माय!" तो ओरडला. "कंबर गयी मन्ही. माय, जरासा हात लाव ना!"

अनुसयाबाईचे तळहात उघडले. पाय खाटेखाली जमिनीला लागले. शरीराला पाच वर्षांची सवय होती, त्याला टाके ठाऊक नव्हते. शांतीलाल थंडीने कुडकुडत होता आणि कुणाला तरी हाक मारत होता, "माय, माय," म्हणून. तिने खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उठा नको म्हनू," ती जागेवरूनच म्हणाली. "पानी सोडानं शे म्हन. मळामा पानी सोडानं शे."

अमृतने श्वास घेतला. "आबा, मळामा पानी सोडानं शे. चाला."

शांतीलालने डोळे उघडले. थोड्या वेळाने त्याने मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार दिला. अमृत कण्हला, वाकला, पण त्याने धरलं. एक पाऊल, मग दुसरं. साबणासकट दोघे मोरीच्या बाहेर आले.

फाटकाशी कोकिळा उभी होती. देवळातून येता येता थांबलेली, हातात पूजेचं ताट. तिने बापलेकाकडे पाहिलं, मग निंबाखाली.

"अवं काकी," ती म्हणाली, "बिचारा पोऱ्या इतला वढी ऱ्हायना, आनि तुम्ही बसेल शेतस?"

अनुसयाबाईने पाय वर घेतले आणि पदर सारखा केला.

"हा," ती म्हणाली. "बसेल शे."